८झेड म्हणजे माळा नव्हे

पेपर तपासून झालेत. पालथे ठेवलेत, पालथेच राहू द्या. आधी ऐकायचं, मग मार्क बघायचे.

२०२५ च्या टॅक्स रिटर्नसाठी सात प्रकरणं दिली होती. सातही तुमच्या ओळखीची, याच न्यू जर्सीतल्या घरांमध्ये रोज दिसणारी. आणि वर्गातल्या बहुतेकांनी काय केलं? जिथे अडले तिथले पैसे उचलले आणि शेड्यूल १ वरच्या ८झेड ओळीत नेऊन टाकले. जिथे उत्पन्नाचा प्रकार लिहायचा असतो, तिथे एकच शब्द: ‘मिसलेनियस’. घरात जागा सापडली नाही की वस्तू माळ्यावर फेकतात, तशी तुम्ही ही ओळ वापरली आहे. एका महाशयांनी समासात पेन्सिलीने कारणही दिलंय, ‘रक्कम लहान आहे, शेड्यूल सी आणि एसई टाळता येईल.’ म्हणजे धंद्याचा फॉर्म आणि स्वयंरोजगाराचा कर, दोन्ही चुकवायचे. आणि खोडरबर वापरण्याइतकीही लाज वाटली नाही.

हसू नका. त्यांनी लिहिलं, तुम्ही मनात म्हटलंत, एवढाच फरक.

मी सांगलीत अकरावी-बारावीला पुस्तपालन शिकवायचे तेव्हा सोळा वर्षांची मुलं नोंद कुठे करायची हे विचारण्याआधी व्यवहार काय झाला हे विचारायची. तुम्ही अभियंते, बँकवाले, पदव्युत्तर लोक. तुम्ही सुरुवात केलीत ती कर किती वाचेल इथून, आणि मग त्याला शोभेल असा फॉर्म शोधलात. उत्तर आधी ठरवून गणित मांडायचं असेल तर या वर्गाला कशाला आलात? तसं करून देणारे गल्लोगल्ली बसलेत.

आता पहिलं प्रकरण. एक बाई नोकरी करतात. एका कंपनीने नव्या साबणाबद्दल मत विचारायला दोन तास बोलावलं, अडीचशे डॉलर दिले. एकदाच. पुन्हा बोलावणं नाही, त्यांनी कुठे नाव नोंदवलं नाही, त्यांचा तो धंदा नाही. हे ८झेड. प्रकार म्हणून लिहायचं ‘मार्केट रिसर्चमधील सहभागाचा मोबदला’, रक्कम २५०, संपलं. आणि नेमकं इथेच, जिथे ८झेड बरोबर होतं, तिथे तुमच्यातल्या तिघांनी शेड्यूल सी भरला! कारण काय, तर सॉफ्टवेअरने विचारलं. कंपनीने चुकीने १०९९-एनईसी पाठवलाय असं प्रकरणात मीच लिहिलं होतं, मुद्दाम. एनईसी दिसला की सॉफ्टवेअर तुम्हाला धंद्याच्या दारात नेऊन उभं करतं. दारात उभं केलं म्हणून आत शिरायचं? पाठवणाऱ्याने कोणता कागद पाठवला यावरून तुम्ही काय केलंत हे ठरत नाही. मिळकत दाखवायची, पूर्ण दाखवायची, योग्य ओळीत दाखवायची, आणि तो १०९९ व त्या कामाचा कागद फायलीत जपून ठेवायचा. पुढेमागे आयआरएसकडून सीपी-२००० आलं, तुमचा आकडा आणि त्यांच्याकडचा आकडा जुळत नाही म्हणून, तर उत्तर द्यायला हातात काहीतरी हवं. ती सूचना आली की रडत फोन करणारे मला माहीत आहेत.

दुसरं प्रकरण मामांच्या इस्टेटीचं. मामा वारले, भाचीला एक्झिक्युटर नेमलं होतं, तिने वर्षभर बँका-वकील-घरविक्री सगळं निस्तरलं आणि इस्टेटीतून तिला फी मिळाली. ती काही हा उद्योग करत नाही. आयुष्यात एकदा केलं, नात्यापोटी केलं. रक्कम मात्र पहिल्या प्रकरणाच्या दहापट. तरी ओळ तीच, ८झेड. एसईचा संबंध नाही. कळतंय का मी काय दाखवतेय? अडीचशे असो की अडीच हजार, ओळ रकमेने ठरली नाही.

मग कशाने ठरते? १९८७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रोएट्झिंगर खटल्यात हे सांगितलं, आणि मागच्या रविवारी मी ते फळ्यावर लिहिलं होतं, पण तेव्हा तुमचे फोन चालू होते. हा गृहस्थ १९७८ मध्ये कुत्र्यांच्या शर्यतींवर पैसे लावायचा. अठ्ठेचाळीस आठवडे, आठवड्याला साठ ते ऐंशी तास. दुसरी नोकरी नाही. वर्षअखेरीस सत्तर हजार डॉलर जिंकले आणि बहात्तर हजार बत्तीस हरले. म्हणजे खिशातले गेले! आणि तरी न्यायालय म्हणालं, हा त्याचा व्यवसायच. का? काम सातत्याने, नियमितपणे चालू होतं आणि मुख्य हेतू पैसा मिळवण्याचा होता. फावल्या वेळातली करमणूक ती वेगळी. मला गंमत अशी वाटते की त्या माणसाला आपला धंदा आहे हे सिद्ध करायचं होतं आणि त्यासाठी तो वॉशिंग्टनपर्यंत भांडला. तुम्ही दर आठवड्याला ऑर्डरी घेणाऱ्या बाईला धंदा नाहीच म्हणून सोडून देता.

हो, आता मोदकांवरच येते. तिसरं प्रकरण, आणि सगळ्यात जास्त लाल शाई इथेच सांडली.

एच-४ व्हिसावर आलेली बाई, कामाची परवानगी हातात, ईएडी आहे. मोदक, चकली, पुरणपोळी. दर आठवड्याला ऑर्डरी, व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रक, पैसे ‘झेल’ने ऑनलाइन. वर्षाला ६,९०० डॉलर आले, सामान-डबे-गाडी मिळून २,९०० गेले. चार हजार नफा. तीन वर्षांची मुलगी, ती डे-केअरमध्ये जाते म्हणून आईला काम करता येतं. त्याचे वर्षाला तीन हजारांच्या वर जातात. नवऱ्याचा पगार चांगला, दोघांचं एकत्र रिटर्न बावीस टक्क्यांच्या टप्प्यात. आणि तुमचं उत्तर? ‘गृहिणी आहे, आवड म्हणून करते. ८झेड, ४,०००.’

गृहिणी आहे! आवड आहे! अहो, आवडीने केलं म्हणून धंद्याचा धंदेपणा जातो का? सर्जन आवडीने ऑपरेशन करतो, तो काय छंद? बाईने भाव ठरवला, नियमित विकलं, नफा काढला, पुढच्या गणपतीच्या ऑर्डरी आत्ताच घेतल्या. यात छंद कुठे शोधलात? हा तिच्या कष्टांचा अपमान आहे, आणि तुमच्यातल्या दोन बायकांनीही तो केलाय, याचं मला जास्त वाईट वाटतं.

शिवाय चोरीसुद्धा धड केली नाही. छंद म्हटलात तर ती ओळ ८जे, ८झेड नव्हे. आणि तिथे खर्च वजा होत नाही. २०१७ च्या कायद्याने २०१८ पासून ती सोय काढली आणि २०२५ च्या कायद्याने ती कायमचीच गेली. विकलेल्या मालाची मूळ किंमत तेवढी वजा धरता येईल; गाडी, जाहिरात, बाकी काही नाही. तुम्ही मात्र धंद्यासारखा सगळा खर्च वजा केलात आणि छंदासारखा एसई टाळलात. दोन्ही घरचं जेवलात.

आता पेन घ्या आणि लिहा. शेड्यूल सीवर नफा ४,०००. शेड्यूल एसईवर त्याचे ९२.३५ टक्के, म्हणजे ३,६९४. त्यावर १५.३ टक्के, त्यातले १२.४ सोशल सिक्युरिटीचे आणि २.९ मेडिकेअरचे: ५६५ डॉलर. हाच तो राक्षस, ज्याला घाबरून तुम्ही माळ्यावर चढलात. बरं. यातला अर्धा, २८३, उत्पन्नातून वजा मिळतो. उरलेल्या ३,७१७ वर व्यवसायाची वीस टक्के वजावट, म्हणजे ७४३. आयकर लागतो तो २,९७४ वर. बावीस टक्क्यांनी ६५४. एसई धरून १,२१९. आता डे-केअरकडे या. त्या खर्चाची क्रेडिट घ्यायची तर नवरा आणि बायको दोघांचंही कमावलेलं उत्पन्न लागतं. शेड्यूल सीचा नफा ते उत्पन्न आहे, ८झेडमधला आकडा नाही. एका मुलाचे तीन हजार, २०२५ ला या घरासाठी वीस टक्के: सहाशे डॉलर परत. उरले ६१९. आणि तुमच्या ८झेडवर? चार हजारांचे बावीस टक्के, ८८०, क्रेडिट शून्य.

बघा आकडे. परत बघा. ५६५ वाचवायला निघालात आणि त्या घराला २६१ डॉलर जास्त भरायला लावलेत. कोहळा देऊन आवळा घेऊन आलात, आणि वर त्या बाईला सांगणार होतात की ‘ताई, तुमचं काम केलं, फी नको.’

अजून आहे. ३,६९४ वर तिच्या नावे सोशल सिक्युरिटीचे दोन क्रेडिट जमा झाले असते. २०२५ ला १,८१० डॉलरला एक. निवृत्तिवेतनाला चाळीस लागतात. नवऱ्याच्या नावावर न राहता तिच्या स्वतःच्या नोंदीवर पडणारे ते दोन क्रेडिट तुम्ही पुसून टाकलेत, तिला न विचारता. आपल्याकडच्या किती बायका साठीला पोचल्यावर स्वतःची ती नोंद बघतात आणि पगाराच्या रकान्यात वर्षानुवर्षं शून्यं दिसतात. त्यांनी काम केलं नव्हतं असं नाही. कोणीतरी हुशार माणसाने त्यांचं काम ‘इतर’मध्ये टाकलं होतं.

खिडकीपाशी बसलेले, हात खाली करा, तुमचा प्रश्न मला कळला. दुसऱ्या घरात हाच हिशेब उलटा येईल, मूल नसेल, डे-केअर नसेल, तर सी भरून जास्त जाईल. येईल ना, नक्की येईल. मग काय, तिथे माळा? फॉर्म तोच राहणार. मी हा हिशेब तुम्हाला शेड्यूल सीची लालूच दाखवायला केला नाही. ज्या फायद्यासाठी तुम्ही खोटं लिहायला तयार झालात, तो फायदा आहे की नाही हेसुद्धा तुम्ही तपासलं नव्हतं, हे दाखवायला केला.

चौथं, अनुवादाचं. एक गृहस्थ दोन वर्षं दर महिन्याला लोकांचे जन्मदाखले, विवाहाचे दाखले मराठीतून इंग्रजीत करून देतात. या वर्षी नफा ३५०. अर्ध्या वर्गाने ही रक्कम रिटर्नमध्ये दाखवलीच नाही. एकाने लिहिलं, ‘४०० च्या आत, करमुक्त.’ दुसऱ्याने, ‘१०९९ आला नाही, म्हणून उत्पन्न नाही.’ दोघांच्याही पेपरवर मी काही लिहिलं नाही, एक रेघ मारली.

४०० हा आकडा फक्त शेड्यूल एसईचा. काटेकोर बोलायचं तर नफ्याचे ९२.३५ टक्के केल्यावर ते चारशे व्हायला हवेत, म्हणजे ४३० नफ्यालाही एसई लागत नाही. पण आयकराला असा उंबरठा नाही. कलम ६१ म्हणतं, कुठल्याही मार्गाने आलेलं सगळं उत्पन्न. पहिल्या डॉलरपासून. तेव्हा शेड्यूल सी भरायचा, एसई नाही भरायचा, साडेतीनशे उत्पन्नात धरायचे. आणि १०९९ चं ऐका. तो पाठवायची जबाबदारी देणाऱ्याची. २०२५ ला त्याची मर्यादा ६००, २०२६ च्या देण्यांसाठी ती २,००० झाली. नव्या कायद्याची बातमी आली तेव्हा याच वर्गात कोणीतरी ‘वा, दोन हजारांपर्यंत सुटलो’ म्हणालं होतं, मी आवाज ओळखते. सुटला तो कागद पाठवणारा. घेणारा नाही सुटला. पेमेंट अ‍ॅपवाल्यांचा १०९९-के सुद्धा आता पुन्हा वीस हजार डॉलर आणि दोनशे व्यवहारांवर गेलाय. याचा अर्थ तुमच्याकडे आता कागद कमी येतील आणि तुमच्या वहीवर जास्त भिस्त पडेल. वही ठेवता का? नाही. माहीत होतं.

पाचवं, वारली चित्रं. दोनदा मेळ्यात मांडली, तीनशेची विकली, नफ्याचा विचार नाही, मिळालेत तर रंगांचे सुटतील एवढंच. हा खरा छंद, ८जे. ज्यांनी गाडी-जाहिरातीचे २२० वजा केले त्यांनी मघाशी मी काय म्हटलं ते वहीत शोधा. एसई नाही, बरोबर.

सहावं मुद्दाम उलटं ठेवलं होतं. फोटोग्राफर साहेब. चांगली नोकरी, वर्षाला लग्नाचे सहाशे डॉलर, खर्च नऊ हजार: कॅमेरा, लेन्स, आणि कॅनकूनची ‘चित्रणसहल’. सलग चौथं वर्ष तोट्याचं, आणि तोटा पगारातून वजा. इथे मात्र वर्गातल्या सगळ्यांना धंदा दिसला! मोदकवाली बाई छंदवाली आणि हे साहेब व्यावसायिक! कलम १८३ वाचा. नियमावलीत नऊ कसोट्या दिल्यात. हिशेब धंद्यासारखा ठेवता का, वेळ किती देता, तोट्याचा इतिहास काय, त्यात स्वतःची मौज किती, वगैरे. पाचपैकी तीन वर्षं नफा असेल तर कायदा तुमच्या बाजूने गृहीत धरतो. इथे शून्य. कॅनकूनमध्ये कोणाचं लग्न होतं हे विचारायचं एकालाही सुचलं नाही. लक्षात घ्या, तुम्ही पैसे वाचवायच्या दिशेने दोन्हीकडे वाकलात, बाईला एकीकडे आणि साहेबांना दुसरीकडे. त्यामुळे हे अज्ञान म्हणून मी माफ करत नाही.

सातवं, सोफा. नऊशेला घेतलेला जुना सोफा तीनशेला विकला. हे उत्पन्न नाही. घरच्या वापराची वस्तू तोट्यात विकली. तोटा वजा मिळत नाही, कर लागत नाही. दोघींनी ते तीनशे ८झेडमध्ये भरलेत! जेवणाचं बिल मित्रांमध्ये वाटून झेलवर घेतलेले पैसेही मग उद्या भराल. दाखवण्याची ही हौस मोदकांच्या वेळी कुठे गेली होती?

पेपरात नसलेलं एक, पण दोन जणांनी स्वतःचं रिटर्न दाखवायला आणलं होतं म्हणून सांगते. भारतातल्या एनआरई ठेवीचं व्याज. ‘भारतात करमुक्त आहे’ म्हणून एकाने गाळलं, दुसऱ्याने ८झेडमध्ये टाकलं. भारतात आहे करमुक्त. इथे रहिवासी असाल तर इथे करपात्र, आणि ते व्याज म्हणून, शेड्यूल बी वर, परदेशी खात्याच्या प्रश्नाला ‘हो’ म्हणून. सगळ्या परदेशी खात्यांची बेरीज वर्षात कधीही दहा हजारांवर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांचा अहवाल, वेगळा. त्यावर स्वतंत्र रविवार घेणार आहे, आज फक्त डोळे उघडा.

आणि ज्यांच्याकडे कामाची परवानगीच नाही आणि बाजूला कुठे काही करतात, त्यांनी मला मधल्या सुट्टीत कोपऱ्यात गाठून ‘८झेडमध्ये टाकलं तर दिसणार नाही ना?’ असं विचारायचं नाही. केलेलं काम रकाना बदलून न केलेलं होत नाही. उत्पन्न दाखवावंच लागतं, व्हिसाचा प्रश्न व्हिसाच्या वकिलाला विचारा. मी तुमच्या भित्रेपणाची भागीदार होणार नाही.

१०४० च्या सहीवर काय छापलंय ते कोणी वाचलंय? खोटं असेल तर शपथभंगाच्या शिक्षेस पात्र, असं. सही करदात्याची असते, तुमची नव्हे, म्हणून तुमचा हात इतका मोकळा चालतो. या मार्चपासून तुमच्यातले काहीजण ग्रंथालयात टेबल मांडून लोकांची रिटर्न फुकट भरून देणार आहात. समोर बसलेली बाई म्हणेल, ‘थोडेसे आलेत, बघा कुठे टाकायचे.’ तेव्हा कीबोर्डला हात लावायच्या आधी विचारायचं: काय केलंत, किती वेळा केलंत, पुढेही करणार का, भाव कोणी ठरवला, खर्चाच्या पावत्या कुठे आहेत. उत्तरं कागदावर लिहायची, तारखेसकट. मगच ओळ शोधायची.

पेपर सुलटे करा आता. तिसरं आणि सहावं प्रकरण सगळ्यांनी पुन्हा करायचंय, पूर्ण फॉर्म भरून, शेड्यूल एसईच्या आकडेमोडीसह, हाताने. सॉफ्टवेअर चालणार नाही. पुढच्या रविवारी दहाला. पेन्सिलवाले महाशय, तुम्ही सातही.